मधुमेह आणि यकृत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

टाइप 2 मधुमेहात बिघाड फक्त स्वादुपिंडाचा असतो, हा पहिला गैरसमज. मेंदूला साखर अखंड लागते, म्हणून यकृत रात्रभर ती थोडी थोडी रक्तात सोडत असते आणि जेवणानंतर इन्सुलिन वाढले की हात आखडता घेते. मधुमेहात यकृत इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही. त्यामुळे रात्री अर्धीच भाकरी खाऊन झोपलेल्याचीही सकाळची उपाशीपोटी साखर वाढलेली निघते, आणि घरचे त्यालाच ‘पथ्य मोडलंस’ म्हणून बोल लावतात. हा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी मुख्यतः यकृताच्या याच साखरनिर्मितीला आवर घालते. ‘गोळ्यांनी लिव्हर जातं’ या भीतीने ती परस्पर बंद केली जाते. प्रत्यक्षात तिच्यामुळे यकृताला इजा होणे अत्यंत विरळ आहे. तपासत राहायचे ते मूत्रपिंडाचे काम.

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात साखर सोडून गूळ चालू ठेवणारे पुष्कळ आढळतात. गुळात थोडे लोह व इतर खनिजे असली, तरी त्याचा मुख्य घटक साखरेचाच, म्हणजे सुक्रोज. पचनात त्याचे निम्मे ग्लुकोज आणि निम्मे फ्रुक्टोज होते. फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावर पडतो आणि ते जास्त झाले की तिथेच त्याची चरबी बनते. तासगावच्या बेदाण्यातही निम्म्याहून अधिक वजन साखरेचे असते.

‘माळकरी माणसाचं लिव्हर कसं बिघडेल?’ असेही विचारले जाते. दारूचा थेंब न घेणाऱ्यालाही फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साठणे, होते. जगभरच्या पाहण्यांनुसार टाइप 2 मधुमेहाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत ते असते. अंगाने सडपातळ असणे हीदेखील हमी नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना मांडली: दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के.

हळदीबाबतही तारतम्य हवे. स्वयंपाकातली हळद निर्धोक आहे; मिरीच्या अर्कासह विकल्या जाणाऱ्या तीव्र कर्क्युमिन कॅप्सूलनी मात्र काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे.

सर्वांत घातक समजूत म्हणजे एसजीपीटी ही यकृताची रक्तचाचणी ठीक, म्हणजे यकृत ठीक. ती चाचणी नॉर्मल असतानाही यकृतात वण वाढत असू शकतात. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून फिब-4 हा अंक निघतो, तो 1.3 च्या वर, किंवा पासष्टी ओलांडलेल्यांत 2 च्या वर गेला, तर फायब्रोस्कॅनसारखी पुढची तपासणी लागते. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. लठ्ठ रुग्णाने वजन 7 ते 10 टक्के उतरवले, तर यकृताची चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. कावीळ दिसते ती बहुधा फार उशिरा. मधुमेही व्यक्तीने त्याआधीच डॉक्टरांकडून आपला फिब-4 काढून घ्यावा.