‘मृत्यूच्या दरी’तील एक दिवस

कोणी दूरच्या प्रवासास निघाला कीं आमच्या घरचीं वडीलधारीं माणसें प्रथम एकच प्रश्न विचारीत, “तेथें पाण्याची सोय काय?” लहानपणीं या प्रश्नाचें आम्हांस हंसूं येई. गेल्या चैत्रांत, पाडवा होऊन चार दिवस झाले असतां, अमेरिकेंतील एका वाळवंटांत त्याचा अर्थ आम्हांस नीट समजला. ती हकीकत येथें वाचकांस सादर करीत आहों.

नोकरीनिमित्त त्या देशांत आयुष्य घालवून निवृत्त झाल्यावर आम्हीं उभयतांनीं पंधरा दिवसांकरितां एक मोटारघर भाड्यानें घेतलें. मोटारघर म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाडच. बिछाना, शेगडी, मोरी आणि खालीं पाण्याची टाकी. नळ सोडला कीं पाणी येतें. परंतु टाकींत असेल तितकेंच! त्यामुळें पहिल्याच दिवशीं सौ.नें भांडीं विसळण्यापासून अंघोळीपर्यंतचा पाण्याचा हिशेब बांधून दिला. असें हें घर घेऊन आम्ही कॅलिफोर्नियाच्या पूर्व सीमेवरील ‘डेथ व्हॅली’, म्हणजे मृत्यूची दरी, येथें उतरलों. मुक्कामाचें ठिकाण समुद्रसपाटीच्या १९० फूट खालीं होतें.

ही दरी इतकी रुक्ष कां, हें आपल्याकडील मनुष्यास सहज समजेल. घाटमाथ्यावर पावसाळी ढग रिते होतात आणि माण-खटावकडे कोरडें आभाळ तेवढें पोंचतें. तोच प्रकार येथें. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग एकामागून एक अशा उंच डोंगररांगा ओलांडतांना आपलें पाणी तेथेंच टाकतात. दरीच्या वांट्यास वर्षाकाठीं सरासरी सुमारें दोनच इंच पाऊस येतो. त्यांत दरी खोल, सभोंवार डोंगर. तापलेली हवा आंतच कोंडून राहते. १० जुलै १९१३ रोजीं येथें ५६.७ अंश सेल्सिअस उष्णतेची नोंद झाली, आणि जगांतील अत्युच्च उष्णतामान म्हणून अधिकृतपणें तीच धरली जाते.

सकाळीं सात वाजतां आम्ही ‘गोल्डन कॅन्यन’ या घळींत शिरलों. बरोबर पाण्याच्या चार बाटल्या होत्या. निघतांना सौ.नें नियम घातला: दोन बाटल्या संपल्या कीं जेथें असूं तेथून परत. घळ खरोखर सोनेरी आहे. पुरातन तळ्याच्या गाळाचे थर कलते होऊन दोहों बाजूंस उभे राहिले आहेत. या घळींतून पूर्वीं मोटारीचा रस्ता होता. १९७६ च्या फेब्रुवारींत पुरानें तो वाहून नेला. जेथें पाण्याचा टिपूस नाहीं, तेथें रस्ता मोडला तो पाण्यानेंच, हें पाहून आम्ही थक्क झालों. दीड मैलावर लोहाच्या गंजानें तांबडे झालेले उभे कडे लागतात. त्यांना ‘रेड कॅथीड्रल’ म्हणतात. देवालयाच्या शिखरासारखे ते भासतात.

जवळूनच एक पायवाट ‘झब्रिस्की पॉइंट’ या प्रसिद्ध टेंकडीकडे जाते. आमचें मन तिकडे धांव घेऊं लागलें. पाय दुखत नव्हते, ऊन सोसत होतें. तोंच सौ. म्हणाली, “अहो, दोन बाटल्या झाल्या. आतां फिरायचें.”

“अगं, थोडेंच तर राहिलें आहे.”

“थोडें राहिलें आहे तें पाणी,” ती म्हणाली आणि चालूं लागली. आम्हीही मुकाट्यानें, परंतु मनांतून रुसून, मागोमाग निघालों.

परतीच्या वाटेवर, मोटार दहा-पंधरा मिनिटांवर आली असेल, आमच्या डोळ्यांपुढें एकाएकीं अंधारी आली. हवा इतकी कोरडी, कीं घाम अंगावर दिसण्यापूर्वींच सुकत होता. त्यामुळें शरीरांतील पाणी किती गेलें याचा अंदाजच आला नव्हता. सौ.नें आम्हांस कड्याच्या सावलींत बसविलें, पदर भिजवून मानेवर ठेविला आणि उरलेलें पाणी घोट घोट पाजलें. अर्ध्या तासानें आम्ही उठलों, तेव्हां शेवटच्या बाटलींत चार बोटें पाणी होतें. झब्रिस्कीच्या वाटेवर हा प्रसंग आला असता तर? त्यावर आम्ही दोघेंही बोललों नाहीं.

दुपार विश्रांतींत गेली. उन्हें उतरल्यावर ‘हार्मनी बोरॅक्स’ कारखान्याचे अवशेष पाहिले. १८८३ पासून १८८८ पर्यंत तेथें टांकणखार तयार होई. तो गोळा करण्याचें कष्टाचें काम चिनी मजूर करीत. माल लादलेल्या दोन अवजड गाड्या वीस जनावरें जुंपून सुमारें १६५ मैलांवरील रेल्वेपर्यंत नेत; आणि त्यांच्यामागें १,२०० गॅलन पाण्याची टाकी जोडलेली असे. ती पाहून सौ. आमच्याकडे बघून हंसली!

तेथून ‘बॅडवॉटर’. समुद्रसपाटीच्या २८२ फूट खालीं असलेला हा उत्तर अमेरिकेंतील सर्वांत सखल प्रदेश. मैलोगणती पांढरें मीठ पसरलेलें, कांठाशीं खाऱ्या पाण्याचें डबकें. २०२३ च्या ऑगस्टांत हिलरी वादळाच्या पावसानें येथें मोठें तळें झालें होतें. पुढें तें आटलें.

दरीस हें भयंकर नांव दिलें तें १८४९ सालीं सोन्याच्या शोधांत निघून येथें वाट चुकलेल्या लोकांनीं. परंतु त्यांच्या कितीतरी आधींपासून टिंबिशा शोशोनी लोक येथें नांदत आले आहेत. उन्हाळा लागला कीं ते बिऱ्हाड उचलून थंड डोंगरांत जात, हिंवाळ्यांत खालीं येत. पाणी कोठें आहे आणि कधीं निघावें, हें त्यांस ठाऊक होतें. म्हणून त्यांना ही दरी मृत्यूची नव्हे, घरचीच वाटली. १९३३ सालीं ही भूमि राष्ट्रीय स्मारक ठरली, १९९४ सालीं राष्ट्रीय उद्यान झाली. त्यांच्या भूमीचा कांहीं भाग २००० सालच्या कायद्यानें त्यांना परत मिळाला.

सूर्यास्तास आम्ही मोटारीनेंच झब्रिस्की पॉइंटवर गेलों. सकाळीं सोडलेली वाट खालीं पिवळ्या टेंकड्यांतून नागमोडी वळत गेलेली स्पष्ट दिसत होती. तिच्यावर कोठेंही सावली नव्हती.

ज्या वाचकांस तिकडे जाण्याचा योग येईल, त्यांनीं थंडीच्या दिवसांतच जावें, आणि उन्हाळ्यांत दरींत दहा वाजल्यानंतर पायीं हिंडूं नये. राहिला वडिलांचा प्रश्न. तो आतां आम्हीही प्रत्येक निघणारास विचारतों. आणि पाण्याचा हिशेब घरांतील ज्या व्यक्तीच्या हातीं असेल, तिचें ऐकावें, एवढें वर जोडतों.