दुखते कोठे, हे न सांगणारे मूल

दाढ ठणकू लागली म्हणजे आपण मोठी माणसे घर डोक्यावर घेतो. पण ज्या मुलाला आपले दुखणे शब्दांत मांडता येत नाही, ते गालावर चापट्या मारून घेते, घास थुंकते, रात्र रात्र जागते. आणि आपण म्हणतो, मूल हट्टी झाले!

स्वमग्नता हा हट्ट नव्हे. आईबापांच्या संगोपनातील दोष तर नव्हेच नव्हे. १९४३ साली बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करून तिची ओळख वैद्यकाला करून दिली. अशा पुष्कळ मुलांना प्रकाश, आवाज, स्पर्श व चव सोसत नाही. आता, श्रोतेहो, दंतवैद्याची खोली डोळ्यांपुढे आणा. झगझगीत दिवा, यंत्राचा किरकिराट, तोंडात परक्याचे बोट. मूल किंचाळले तर नवल ते काय?

आम्हीही आरंभीच्या काळात अशा एका मुलाला चौघांकडून धरवून दात काढला. दात निघाला खरा, पण पुढे तीन वर्षे ते आमचा जिना चढले नाही.

लॉस एंजलिसच्या संशोधकांनी खोलीच बदलून पाहिली. दिवे मंद, संगीत संथ, अंगाला हळुवार आवळणारे वेष्टन. ६ ते १२ वर्षांची १६२ मुले घेऊन आरंभलेला हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला; अशा खोलीत दात साफ करताना मुलांचा ताण, त्वचेच्या विद्युत्वाहकतेवरून मोजला असता, कमी भरला. स्वीडनमध्ये तर १९९९ पूर्वीच चित्रांची वही करून दार, खुर्ची, उघडे तोंड असा क्रम मुलांना घरीच दाखवीत.

अशी वही कोणत्याही आईला करता येईल. ब्रश मऊ असावा, वेळ रोज तीच असावी. पुदिन्याची पेस्ट झोंबत असेल तर बिनचवीची, फेस न होणारी घ्यावी. मात्र तीत फ्लोराइड हवे. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी पुरे. आणि शहाणपणाने वागल्याबद्दल गोळ्याचॉकलेटे देण्याची चाल (शिकवणारेही ती पाळतात!) कृपा करून सोडावी.

ते आमचे मूल शेवटी आले, काखेत वही घेऊन. पहिल्या दिवशी त्याने खुर्ची चारदा वरखाली करून घेतली. तोंड उघडले नाही. आम्हीही उघडायला सांगितले नाही. ते उघडले पाचव्या भेटीत.