भीती घेऊनच देवाकडे

"सिस्टर, मला भीती वाटते. म्हणजे माझा विश्वास कमी पडला का?" ऑपरेशनच्या आदल्या रात्री हा प्रश्न मी नगरच्या वॉर्डात किती ख्रिस्ती रुग्णांच्या तोंडून ऐकला, त्याची गणती नाही. बहुतेकांना कुणीतरी सांगून गेलेलं असायचं, 'विश्वास ठेव, घाबरू नकोस.' हेतू चांगलाच. पण त्याने आजाऱ्याच्या भीतीवर अपराधाचंही ओझं चढायचं.

मी त्यांना स्तोत्रसंहिता उघडून द्यायची. तिच्यातल्या 150 गीतांपैकी जवळजवळ एकतृतीयांश गीतं तक्रारीची आणि आकांताची आहेत. देवा, कुठे आहेस, किती दिवस गप्प बसणार, असं त्यात तोंडावर विचारलेलं आहे. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाचा एक शब्दही नाही. तरी ते पवित्र शास्त्रातून कुणी काढलं नाही. तो गाणारा रडतोय, पण रडतोय देवापाशी. माझ्या मते भरवसा तो हाच.

प्रभू येशूही गेथशेमाने बागेत व्याकूळ झाला. हे दुःख टळावं म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली आणि जवळच्या शिष्यांना सोबत जागं राहायला सांगितलं. ते झोपले, ही गोष्ट वेगळी. पण ज्याला आम्ही देवाचा पुत्र मानतो, त्यालाही त्या रात्री माणसं जवळ हवी होती.

माझ्या यजमानांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. दुसऱ्यांच्या घरच्या आजारात मी कधी डगमगले नाही. घरात मशीनची वेळ जवळ आली की मात्र पोटात गोळा येतो. त्यांनी दिवसभरात किती पाणी प्यायचं ते ठरलेलं आहे, म्हणून सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवते. प्रभूच्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती आजची. बाटली भरताना मी ती प्रार्थना म्हणते आणि आजच्यापुरतं मागते. पुढच्या रिपोर्टची काळजी दुपारपर्यंत परत येते. मग मी पुन्हा म्हणते.

भरवसा ठेवणारा माणूस हात जोडून नुसता बसून राहतो, असा समज असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहावं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात वणवण करताना त्यांचे आईवडील आणि बहीण गेले. भूक काय असते ते त्यांना अंगाने माहीत होतं. तरी 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिथे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. प्लेगच्या दिवसांत केडगावला त्यांची वसाहत उभी राहिली. 1921 साली एकुलती एक लेक मनोरमा वारली. स्वतः आजारी असतानाही रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर सोडलं नाही; ते पुरं करून 1922च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला. प्रार्थना आणि काम त्यांच्याकडे कधी वेगळं नव्हतंच.

आणखी एक माणूस मला फार जवळचा वाटतो, एलीया संदेष्टा. राणी ईजबेलच्या धाकाने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. झोपू दिलं. दूताच्या हातून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर.

म्हणून वाचकांना, विशेषतः आमच्या मंडळीतल्या बहिणी-भावांना एक विनंती. भीतीने झोप उडाली असेल, घास उतरत नसेल आणि असे आठवडे जात असतील, तर पाळकांना सांगा, एखाद्या विश्वासू माणसाला सोबत घ्या आणि डॉक्टरांकडे जा. त्यांनी गोळी दिली तर ती वेळेवर घ्या. प्रार्थना चालू ठेवूनच.