रणभूमीतून मायदेशी

निपाणीहून कागलला जाताना कोगनोळीपाशी राज्याची हद्द ओलांडली जाते. पण गाडीतील प्रवाशास ती एरवी जाणवतही नाही. करोनाच्या साथीत त्याच नाक्यावर तपासणीचे दाखले मागितले जाऊ लागले, तेव्हा हद्द अडवते म्हणजे काय, हे आम्हां सीमाभागातील लोकांस नव्याने उमगले. मग दोन राष्ट्रांमधील सीमा, तीही युद्धाच्या धामधुमीत, मुलाबाळांसह ओलांडणे किती बिकट असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी.

परदेशात युद्ध पेटले की सरकार विमाने पाठवून आपल्या नागरिकांस परत आणते, असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. परंतु विमान हा या प्रवासाचा शेवटचा टप्पा होय. लढाई सुरू होताच तेथील आकाशमार्ग बहुधा बंद होतो. म्हणून लोकांना आधी शेजारच्या शांत देशात न्यावे लागते. त्यासाठी लढणाऱ्यांनी वाट मोकळी द्यावी लागते आणि शेजाऱ्याने दार उघडावे लागते. ही दोन्ही कामे आपल्या वकिलातींना करावी लागतात.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा तेथे सुमारे १ लाख ७० हजार भारतीय होते. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांची भेट घेतली. पुढे कुटुंबेच्या कुटुंबे बसगाड्यांतून इराकचे वाळवंट पार करून जॉर्डनमधील अम्मानला पोहोचली. तेथून सुमारे दोन महिन्यांत विमानांच्या ४८८ फेऱ्या झाल्या व लाखाहून अधिक माणसे मायदेशी आली. २०१५ साली येमेनमध्ये हेच कार्य समुद्रमार्गे झाले; नौदलाच्या ‘सुमित्रा’ नौकेने एडन बंदरातून आपली माणसे जिबूतीस नेली.

युक्रेनची हकीकत तर ताजी आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचा हल्ला झाला आणि त्याच दिवशी कीव्हकडे निघालेले आपले विमान वाटेतूनच परतले. वैद्यकीय शिक्षण घेणारे हजारो विद्यार्थी तेथे अडकले. पोलंड, रुमानिया, हंगेरी व स्लोव्हाकिया यांच्या सीमांकडे ते आगगाडीने, बसने, आणि शेवटचे कित्येक मैल थंडीत पायीही गेले. ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेत ९० विमानांनी सुमारे २२,५०० भारतीय परत आणले.

तथापि, पूर्वेकडील खारकीव्ह शहरापासून पश्चिम सीमा सुमारे हजार किलोमीटर दूर. १ मार्च रोजी तेथे आपल्या हावेरी जिल्ह्यातील एक विद्यार्थी अन्नपदार्थ आणण्यास बाहेर पडला असता तोफमाऱ्यात मृत्युमुखी पडला. विमाने सज्ज होती. पण त्यांच्यापर्यंतची वाटच त्याला लाभली नाही. त्याचा देह बंगळूरला पोहोचला तो २१ मार्च रोजी.

यावरून काय शिकावे? कीव्हमधील भारतीय वकिलातीने १५ फेब्रुवारीलाच, राहणे अत्यावश्यक नसल्यास तूर्त देश सोडण्याचा विचार करावा, असे विद्यार्थ्यांस सुचविले होते. पण अभ्यास बुडेल या भीतीने अनेकजण थांबले. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. कर्ज काढून पाठविलेल्या मुलास अर्ध्यावर बोलावणे कोणत्या आईबापास सोपे असते? तरीही वाट खुली असते ती प्रारंभीच्या दिवसांत, हे विसरता येत नाही.

आमच्या शाळेतून उद्या कोणी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी जाईल. त्याने तेथे पोहोचताच वकिलातीत आपले नाव नोंदवावे, पारपत्र स्वतःजवळ ठेवावे, त्याची एक प्रत घरी द्यावी आणि पहिल्या सूचनेस शेवटची समजून निघावे. ज्याचा ठावठिकाणा वकिलातीस ठाऊक असतो, त्याच्यापर्यंत मदतीचा हात लवकर पोहोचतो.