मानेच्या शिरा आणि एमएस : आशा व पुरावा

हाताला मुंग्या आल्या की आपल्याकडच्या मराठी घरात 'शीर दबली' म्हणतात, कन्नड घरात 'नर' म्हणतात. दोन्ही भाषांत रोजच्या बोलण्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू यांना हा एकच शब्द चालतो. बोलण्यापुरते त्यात काही बिघडत नाही. पण मज्जातंतूंच्या एका आजारावर मानेच्या रक्तवाहिनीत इलाज शोधण्याची लाट काही वर्षांपूर्वी जगभर उसळली आणि अनेक कुटुंबांचे पैसे तिच्यात गेले.

हा आजार म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस, थोडक्यात एमएस. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरच्या आवरणावर हल्ला करते. विजेच्या तारेचे वेष्टन झिजावे, तसे हे आवरण झिजते. डोळ्याला धूसर दिसणे, पाय जड होणे, तोल जाणे, अतिशय थकवा येणे ही त्याची लक्षणे. बहुधा वीस ते चाळीस वयात तो सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. म्हणजे ऐन संसाराच्या दिवसांत घरातली सून किंवा लेक अंथरूण धरते.

इटलीतून आलेली कल्पना

इटलीतील फेरारा विद्यापीठाचे शल्यविशारद पावलो झांबोनी यांच्या पत्नीलाच हा आजार होता. मानेतील शिरा अरुंद झाल्याने मेंदूतील रक्त नीट उतरत नाही, तेथे लोह साचते आणि त्यातून दाह होतो, असा विचार त्यांनी मांडला. २००९ साली त्यांनी ६५ रुग्ण आणि तुलनेसाठी २३५ व्यक्ती यांची डॉपलर सोनोग्राफी प्रसिद्ध केली. तपासणीच्या पाच कसोट्या होत्या. रक्त उलटे वाहणे, शीर अरुंद दिसणे, प्रवाहच न सापडणे, अशा पाचांपैकी दोन आढळल्या की दोष आहे असे धरायचे. त्यानंतर शिरेत फुगा घालून ती रुंद करण्याचा उपचार सुचवला गेला. कॅनडासारख्या देशांत तो मिळेना, तेव्हा रुग्ण पोलंड, मेक्सिको आणि आपल्या भारतातही येऊ लागले.

तपासणी फसवी का ठरते?

लोंढा जंक्शनवरून एक वाट बेळगाव-मिरजेकडे, दुसरी हुबळीकडे, तिसरी कॅसलरॉकवरून गोव्याकडे जाते. मेंदूतून रक्त उतरण्याच्या वाटाही अशाच अनेक आहेत. आडवे असताना रक्त मुख्यतः मानेच्या मोठ्या शिरांतून उतरते. उठून बसलो की या शिरा मिटतात आणि मणक्यांलगतच्या शिरा काम उचलतात. हे निरोगी माणसातही घडते. त्यातच सोनोग्राफीचा प्रोब थोडा जोरात टेकला, श्वास रोखला किंवा शरीरात पाणी कमी असले, तरी शीर अरुंद दिसू शकते.

कॅनडातील संशोधकांनी २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये याचा पडताळा दिला. सोनोग्राफीच्या कसोट्यांत एमएसचे ४४ टक्के रुग्ण बसले, तसेच आजार नसलेले, नात्याबाहेरचे ४५ टक्के लोकही बसले. ज्या तपासणीत आजारी आणि धडधाकट सारखेच दिसतात, ती आजाराचे कारण कसे सांगणार?

दरम्यान २०१२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचारानंतर मृत्यू, पक्षाघात आणि बसवलेली स्टेंट जागेवरून सरकणे असे प्रकार घडल्याचा इशारा दिला होता. कॅनडात १०४ रुग्णांपैकी काहींवर खरा, तर काहींवर केवळ देखाव्याचा उपचार झाला. २०१७ साली निकाल आला. दोन्ही गटांत फरक नव्हता. त्याच वर्षी झांबोनी यांच्याच चाचणीनेही हा उपचार परिणामकारक नसल्याचे सांगितले. आपल्याच कल्पनेविरुद्धचा निकाल त्यांनी प्रसिद्ध केला, ही गोष्ट मानण्यासारखी आहे.

मग बरे वाटलेल्यांचे काय?

त्यांचा अनुभव खोटा नव्हता. एमएस बऱ्याचदा आपोआप उतरतो आणि पुन्हा चढतो. उतार पडण्याच्या सुमारास काहीही केले, तरी श्रेय त्यालाच मिळते. म्हणूनच देखाव्याच्या उपचाराशी तुलना करावी लागते.

घरच्यांनी काय करावे?

निदानासाठी मेंदूविकारतज्ज्ञ आणि एमआरआय लागतो. मानेची सोनोग्राफी नव्हे. प्रतिकारशक्तीचा हल्ला रोखणारी औषधे आज उपलब्ध आहेत आणि ती लवकर सुरू केल्यास अधिक लाभ होतो. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून रुग्णांना मदत करते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करावा.

नवा इलाज कोणी सुचवला, तर दागिने मोडण्याआधी, शेत गहाण टाकण्याआधी एकच प्रश्न विचारावा : देखाव्याच्या उपचाराशी याची तुलना झाली आहे का? उत्तर टाळले गेले, तर पैसे गाठीशी ठेवावेत. पुढच्या औषधांना आणि व्यायामोपचाराला ते लागणार आहेत.