पुस्तिका सुबक छापली, पण मोबाईलला वाचताच आली नाही

दहावीचा निकाल लागला की आम्ही काही शिक्षक मिळून शिष्यवृत्तीची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका काढतो. १६ पानं, अर्धी मराठी, अर्धी उर्दू. कोणती योजना, कोणते दाखले, अर्ज कधीपर्यंत, एवढंच. डीटीपीवाल्याकडून पानं लावून घ्यायची, थोड्या प्रती छापायच्या आणि पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून द्यायची. दोन वर्षांपूर्वी पुस्तिका सोडल्यावर एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. त्याला दिसत नाही. मोबाईलमधलं टॉकबॅक त्याला सगळं वाचून दाखवतं. म्हणाला, “सर, ये किताब तो कुछ पढ़ताच नहीं.”

आम्हाला वाटलं फाईल बिघडली असेल. पुन्हा पाठवली. पुन्हा तेच. शेवटी रात्री बहीण कामावरून आल्यावर तिने वाचून दाखवली. दमलेली होती, दाखल्यांच्या यादीतली एक ओळ सुटली आणि पोराचा अर्ज परत आला. चूक तिची नव्हती, मोबाईलचीही नव्हती. आमची होती, आणि ती चूक आहे हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं.

मग खोलात गेलो. पहिली गोष्ट कळली ती फॉन्टची. आपल्याकडे वर्षानुवर्षं ज्या फॉन्टमध्ये मराठी छापली गेली, त्यातली अक्षरं दिसायला मराठी असतात, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी असतात. कृतिदेवचंच घ्या. त्यात ‘विद्यार्थी’ हा शब्द टाईप केला तर आत साठतं काय? एफ, ओ, एक उभी रेघ, के, मोठा एफ, के, एच, मोठा झेड. डोळ्याला ‘विद्यार्थी’ दिसतो, कारण त्या इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं चढवलेली आहेत. आवाजी वाचकाला चित्र दिसत नाही, तो आतलं वाचतो. म्हणजे आमची सोळा पानं त्याच्यासाठी निव्वळ बडबड होती.

उर्दूची गंमत याहून वेगळी. जुन्या इनपेजमधल्या नूरी नस्तालीकमध्ये अक्षरं जोडून बनलेल्या हजारो आकृत्या तयार ठेवलेल्या असतात. पान अगदी कातिबाने लिहिल्यासारखं दिसतं, त्यासाठी इनपेजला दुवा द्यावी तेवढी थोडी. पण पीडीएफमध्ये जातात त्या आकृत्या. त्यातलं अलिफ कुठलं आणि लाम कुठलं याचा पत्ता राहत नाही. आणि आमच्या डीटीपीवाल्याने तर उर्दू पानांचा फोटोच करून मराठी फाईलमध्ये चिकटवला होता. फोटोत वाचायला असतंच काय?

तेव्हा पहिलं काम युनिकोड. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढता येतो, पण नंतर डोळ्यात तेल घालून तपासावा लागतो; रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. इनडिझाईनमध्ये युनिकोड मराठी टाकल्यावर पहिली वेलांटी भलत्याच जागी गेलेली दिसली तर घाबरू नका. पॅराग्राफच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडा, अक्षरं जागेवर येतात. या एका गोष्टीपायी कितीतरी डीटीपीवाले “युनिकोड चालत नाही” म्हणून जुन्या फॉन्टवर परत गेलेले आहेत.

दुसरी गोष्ट टॅगची. आपण पान बघतो तेव्हा मोठं ठळक अक्षर म्हणजे मथळा, हे आपलं आपल्याला समजतं. ऐकणाऱ्याला ते सांगावं लागतं. टॅग म्हणजे मजकुराला आतून लावलेली चिठ्ठी: हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी, हा तक्ता. चिठ्ठ्या असतील तर ऐकणारा एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो, आपल्या योजनेचं पान लगेच गाठतो. नसतील तर बिचाऱ्याने मुखपृष्ठापासून ऐकत बसायचं.

इनडिझाईनमध्ये हे अवघड नाही, फक्त सवय बदलावी लागते. मथळा निवडून हाताने मोठा-जाड करायचा नाही, पॅराग्राफ स्टाईल बनवायची. त्या स्टाईलच्या ‘एक्स्पोर्ट टॅगिंग’मध्ये पीडीएफसाठी मुख्य मथळ्याला एच-१, पोटमथळ्याला एच-२ आणि साध्या मजकुराला पी असा टॅग द्यायचा. एकदा केलं की पुढच्या वर्षी तीच फाईल वापरता येते. चित्र असेल तर ‘ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट ऑप्शन्स’मध्ये त्याचं वर्णन लिहायचं, नुसती वेलबुट्टी असेल तर तिला ‘आर्टिफॅक्ट’ ठरवायचं, म्हणजे ती वाचली जात नाही. चौकटी कोणत्या क्रमाने वाचाव्यात हे ‘आर्टिकल्स’ पॅनेलमध्ये ओढून लावायचं आणि त्याच पॅनेलच्या मेनूत टॅग्ड पीडीएफसाठी हाच क्रम वापरण्याच्या पर्यायावर खूण करायची. ही खूण राहिली तर सॉफ्टवेअर आपल्या अंदाजाने क्रम लावतं. भाषा मराठी निवडायची, आणि शेवटी पीडीएफ काढताना ‘क्रिएट टॅग्ड पीडीएफ’वर टिक.

आमची खरी परीक्षा तक्त्याने घेतली. योजना, उत्पन्नाची मर्यादा, शेवटची तारीख असे तीन रकाने होते. डीटीपीवाल्याने ते टॅब मारमारून लावले होते. दिसायला झकास, ऐकायला नुसती तारखांची आणि आकड्यांची रांग. कुठली तारीख कुठल्या योजनेची, काही पत्ता नाही. सॉफ्टवेअरमधला खरा तक्ता घालून पहिली ओळ ‘हेडर’ केली, तेव्हा कुठे संगणक प्रत्येक खान्याआधी रकान्याचं नाव सांगू लागला. अर्ज अशा तक्त्यांवरच चुकतात, म्हणून इथे कंजुषी नको.

इनडिझाईन महाग आहे, सगळ्यांना परवडत नाही. साध्या पुस्तिकेला लिब्रेऑफिस रायटर पुरतं, तेही फुकट. २०२० मध्ये आलेल्या त्याच्या ७.० आवृत्तीपासून पीडीएफ-यूए या दर्जाची फाईल काढायची सोय त्यात आहे. नियम तेच: स्टाईल, चित्राचं वर्णन, खरा तक्ता.

तपासायला पैसे लागत नाहीत. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे कचरा दिसला तर ऐकणाऱ्यालाही कचराच मिळणार. युनिकोड असूनही काही फॉन्टमध्ये वेलांट्या इकडेतिकडे होतात, ते इथेच पकडलं जातं. मग संगणकावर एनव्हीडीए टाका. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये ते सुरू केलं, जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र सोबतीला आला, आणि आजही ते मोफत आहे. त्याचा मराठी आवाज जरा यंत्रासारखा वाटतो, पण स्क्रीन बंद करून पाच मिनिटं ऐका, आपली फाईल कशी आहे ते लगेच समजतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती सुलभ रूपात मिळण्याचा हक्क आहे. तो सरकारी कार्यालयांना सांगताना आम्हा शिक्षकांचा आवाज चढतो, पण आपल्या ट्रस्टच्या, शाळेच्या, कमिटीच्या पीडीएफ उघडून पाहिल्या तर?

या वर्षी पुस्तिका छापखान्यात पाठवण्याआधी त्याच विद्यार्थ्याकडे पाठवली. त्याने दोन चुका काढल्या. पान क्रमांक मधेच वाक्यात घुसत होता, कारण तो मास्टर पानाऐवजी प्रत्येक पानावर हाताने टाकलेला होता. आणि उर्दू पानं मराठी आवाज वाचायला बघत होता, त्यामुळे काहीच कळत नव्हतं. पहिली चूक अर्ध्या तासात सुटली. उर्दू पानं आम्ही आता भाषा उर्दू ठरवलेल्या वेगळ्या वर्ड फाईलमध्ये देतो. छापील प्रतीसारखी नस्तालीकची शान त्यात नाही, पण त्याने ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः वाचली आणि शेवटच्या पानावरची शुद्धलेखनाची चूकही कळवली.