चष्म्यावरचं अदृश्य कवच

चष्म्याच्या दुकानात जिला ‘फायबरची काच’ म्हणतात, ती मुळात काच नसतेच. ते प्लास्टिक. वजनाला काचेच्या जवळपास निम्मं, पडलं तरी सहसा फुटत नाही. पण भारी मऊ! शर्टाच्या टोकाने पुसत राहिलं की चरे पडलेच. मग त्यावर खऱ्या काचेचा थर का देऊ नये? कारण काच वितळवायला हजार अंशांच्या वरची भट्टी लागते, आणि तिथे प्लास्टिकचा कोळसा होईल.

तरीही आपल्या चष्म्यावर तसा थर असतो. तो आला कुठून?

न वितळवता! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एबेलमेन या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने पाहिलं की सिलिकॉनचं एक द्रव संयुग दमट हवेत ठेवलं की हळूहळू घट्ट होतं आणि पारदर्शक, काचेसारखं बनतं. जाळ नाही, भट्टी नाही, नुसती हवेतली ओल.

आजच्या लेपात याच युक्तीला एक विलक्षण रेणू जोडला आहे. त्याच्या एका टोकाला सिलिकॉन, ते शेजाऱ्यांशी जुळून काचेचं जाळं विणतं. दुसऱ्या टोकाला एपॉक्सी, चिकटवायला वापरतो तीच जात, ती प्लास्टिकसारखी साखळी धरते. एकाच रेणूत दगड आणि डिंक! भिंग या द्रवात बुडवायचं, सावकाश वर काढायचं आणि शंभरेक अंशांवर तापवायचं. थर जेमतेम काही मायक्रॉनचा.

कडकपणा वाढावा म्हणून त्यात सिलिकाचे कणही मिसळतात. मग भिंग धुरकट का होत नाही? कारण कण दहा-वीस नॅनोमीटरचे आणि प्रकाशाची लहर चारशे ते सातशेची. समुद्रात रोवलेल्या काठीला लाट जुमानत नाही, पण बंदराच्या धक्क्यावर आपटून फुटते. तसंच हे. शिवाय हिशेब किती कडक पाहा: इतक्या बारीक कणाचा व्यास दुप्पट केला, तर तो एकटा चौसष्टपट प्रकाश विखुरतो. म्हणजे सगळी करामत बारीकपणाची, आणि कणांचे गठ्ठे न होऊ देण्याची. मला तर यातलं सर्वांत अवघड काम हेच वाटतं.

खरं नवल पुढे आहे. नंबर जास्त असेल तर १.६७ किंवा १.७४ अपवर्तनांकाचं पातळ भिंग देतात. त्यावर १.५ च्या आसपासचा साधा लेप दिला, तर दोघांचा मेळ बसत नाही आणि ट्यूबलाइटखाली इंद्रधनुषी पट्टे उमटतात. म्हणून लेपाचा अंक वर न्यायला टायटॅनियम डायऑक्साइडचे कण घालतात. ओळखलंत? भिंतीच्या पांढऱ्या रंगातला पांढरेपणा याच पदार्थाचा! तिथे कण दोनशे-तीनशे नॅनोमीटरचे असतात, मुद्दाम, प्रकाश जास्तीत जास्त विखुरावा म्हणून. तोच पदार्थ दहा नॅनोमीटरचा केला की आरपार दिसतं.

पण एक खोड उरतेच. अतिनील किरण पडले की टायटॅनियम डायऑक्साइड आजूबाजूच्या सेंद्रिय रेणूंना तोडू लागतो. ज्या लेपाने त्याला धरलंय, तोच पोखरतो. उपाय? प्रत्येक कणावर सिलिका किंवा झिर्कोनियाचं वेगळं वेष्टण चढवायचं. भिंगावर कवच, त्या कवचात कण, आणि त्या एवढ्याशा कणालाही स्वतःचं कवच!